कोंडायचे, तर पोसायचेही

बाजारातून आणलेला बैल शहाणा शेतकरी लगेच गोठ्यात बांधत नाही. काही दिवस तो वेगळा ठेवतो आणि वैरण-पाणी तिथेच नेऊन देतो. २०२२ साली लंपी आला तेव्हाही गावांनी तेच केले. उपाशी बैल दावे तोडतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र हे विसरले जाते. २०२० च्या मे महिन्यात पुण्या-मुंबईहून परतलेल्या माणसांना गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांत चौदा दिवस ठेवले. हेतू रास्त होता. कोरोनाची लक्षणे दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात. पण खोलीत आठ दिवस काढलेल्यांमध्ये आज आलेला माणूस घातला, की त्या खोलीतल्या सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. नाहीतर नवव्या दिवशी लागण झालेला चौदाव्या दिवशी धडधाकट दिसतो, आणि रोग घेऊन घरी जातो. म्हणून एका दिवशी आलेल्यांची एक खोली. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि डासांसाठी मच्छरदाण्या द्यायच्या. ज्याला ताप आला, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात हलवायचे. बायांसाठी वेगळा संडास हवा, त्याला आतून कडी हवी, आणि पाणी हवे. (शाळेच्या संडासाला पाणी नसते, हे गुरुजींनाही ठाऊक असते.)

हे जमण्यासारखे आहे. घोडे पेंड खाते ते दुसरीकडे. २५ मेला आलेला माणूस ८ जूनला सुटतो. तोवर मृग दारात. वखराची पाळी राहिलेली, बियाण्याला पैसा नाही, मजुरी बुडालेली. असा माणूस रात्री भिंत ओलांडून शेतात जातो. गाव त्याला बेजबाबदार म्हणते. आम्ही म्हणत नाही.

२०२० साली सरकारने जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, प्लेगच्या काळातला. त्या वर्षी पुण्यात सोल्जर घरात शिरून रोगी शोधत होते आणि लोक भीतीपोटी रोगी लपवत होते. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. कायद्यात हुकूम आहे, शिक्षा आहे. भरपाईचा शब्दही आहे, पण कसा? असलीच तर! इंग्रज गेला, ते 'असलीच तर' राहिले.

आमची मागणी साधी आहे. ज्याला गावाच्या भल्यासाठी अडकवायचे, त्याला चौदा दिवसांची मजुरी चालू दराने सरकारने द्यावी, आणि ती सुटण्याआधी हातात पडावी. राहिलेले काम गावाचे. त्याची वखरणी-पेरणी इर्जिक करून उरकायची, गुरांचा चारा-पाणी कोण पाहणार ते ग्रामसभेत नावानिशी ठरवायचे. आणि हे साथ आल्यावर नव्हे, आत्ताच.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या शाळेच्या खोल्या, उघडणाऱ्या खिडक्या आणि चालू संडास मोजून आणावेत.