गाठोडे कोणी वाहावे?

गेल्या महिन्यात बेळगावच्या बाजूच्या एका गृहस्थांचे पत्र आमच्याकडे आले. सोबत बत्तीस पानांची एक पुस्तिका होती. त्यांच्या कन्येने स्वतः रचलेली आणि स्वतःच रेखाटलेली ती चित्रकथा. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून तिने शहरातील एका छापखान्यात दोनशे प्रती छापून घेतल्या. पैकी एकोणीस प्रती मैत्रिणींना व नातलगांना फुकट गेल्या. उरलेल्या पलंगाखाली गाठोड्यात बांधून ठेवल्या आहेत. गृहस्थ लिहितात, "विकावयास जा म्हटले तर ती म्हणते, बाबा, दारोदार जाऊन आपल्याच वस्तूची स्तुती करणे ही एक प्रकारची भीकच होय. आणि मला विचाराल तर, चित्रे काढून आजवर कोणाचे पोट भरले आहे?"

म्हणजे प्रश्न दोन झाले. एक लेकीचा, दुसरा बापाचा. दोहोंचेही उत्तर आमच्या पदरचे नाही. परंतु अमेरिकेत या धंद्यात पडलेल्या काही कुटुंबांची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. ती येथे सांगितली तर वाचकहो, आपणही आपापले मत बनवू शकाल.

प्रथम कोणी असे विचारील की, मुलीने आपली चित्रकथा एखाद्या मोठ्या प्रकाशकाला देऊन का टाकू नये? छापणे त्याचे, विकणे त्याचे, आपण फक्त रेखाटावे. सल्ला सोयीचा आहे खरा. पण १९३८ साली जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनी असेच केले. 'सुपरमॅन' हे त्यांच्या कल्पनेतून उतरलेले पात्र त्यांनी सर्व हक्कांसह एकशे तीस डॉलरांस देऊन टाकले. पुढे त्या पात्रावर कोट्यवधींचा व्यापार झाला आणि निर्माते मात्र कोर्टकचेऱ्या करीत म्हातारे झाले. १९७५ साली त्यांना सालाना वीस हजार डॉलरांचे वेतन मिळू लागले व त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. तोवर सदतीस वर्षे लोटली होती. ही कथा अमेरिकेतील प्रत्येक चित्रकथाकाराला ठाऊक असते. आपले पुस्तक आपणच छापावे, आपणच विकावे, असा हट्ट तिकडे कित्येकांनी धरला, त्याच्या मुळाशी ही धास्ती आहे.

अशा हट्टी मंडळींपैकी एक जेफ स्मिथ. ओहायओ राज्यातील कोलंबस शहरी ते लहानाचे मोठे झाले. नाकाड्या, टकल्या, पांढऱ्याशुभ्र अशा एका गमतीदार प्राण्याची चित्रे ते अगदी बालपणापासून काढीत. विद्यापीठात असता तेथील विद्यार्थ्यांच्या 'लँटर्न' या दैनिकात त्यांनी त्याच पात्रांची चित्रमाला चालविली. पुढे वृत्तपत्रांना अशा चित्रमाला पुरविणाऱ्या संस्थांचे दरवाजे ठोठावून पाहिले, जमले नाही. मित्रांच्या भागीदारीत चलच्चित्रे काढण्याचा स्टुडिओ चालविला. शेवटी तोही सोडून १९९१ साली 'कार्टून बुक्स' असे नाव घेऊन त्यांनी 'बोन' या चित्रकथेचा पहिला अंक स्वतः प्रसिद्ध केला. साधी काळी-पांढरी छपाई; किंमत दोन डॉलर पंचाण्णव सेंट.

कथा तीन चुलतभावांची. गावाने हाकलून दिल्यामुळे ते एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात. तेथे एक आजीबाई आहेत, आणि त्या गाईंच्या शर्यतीत गाईंबरोबर स्वतः धावतात! (आमच्या घरातील लहान मंडळींना पुस्तकातील ड्रॅगनपेक्षा ही आजीच अधिक आवडली.) हसत हसत सुरू होणारी कथा पुढे युद्ध, राज्य व कुलवृत्तान्त यांच्या गंभीर प्रदेशात शिरते आणि पंचावन्न अंकांनी, म्हणजे २००४ साली, संपते. तेरा वर्षे एकाच माणसाने एकच गोष्ट सांगितली.

आता तिच्या विक्रीकडे वळू. अमेरिकेत चित्रकथांची स्वतंत्र दुकाने असतात, व १९७० नंतरच्या दशकात त्यांच्यासाठी खरेदीची निराळी पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी वृत्तपत्रांच्या टपरीवर अंक ठेवीत व न खपलेले परत करीत. नव्या पद्धतीत दुकानदाराला सवलत जास्त, पण माल परत करता येत नाही. अंक निघण्याच्या दोनतीन महिने आधी वितरकाची जाडजूड सूची दुकानदाराकडे जाते. ती पाहून त्याने मागणी नोंदवावयाची. छापणाऱ्याचा फायदा असा की, किती प्रती छापाव्यात हे त्याला आधीच कळते. पण दुकानदाराच्या बाजूने पाहा. शेकडो नावांची सूची, त्यात कोणा अपरिचिताच्या पुस्तकाच्या चार ओळी व तिकिटाएवढे चित्र. न खपल्यास नुकसान त्याचे. मग त्याने ते नाव का निवडावे?

स्वतः छापणाऱ्याचे खरे काम येथून सुरू होते. दुकानदारांना पत्रे लिहावयाची, नमुन्याच्या प्रती पदरखर्चाने धाडावयाच्या, दूरध्वनी करावयाचे. चित्रकथांचे मेळावे भरतात, तेथे भाड्याने टेबल घेऊन दिवसभर उभे राहावयाचे व येणाऱ्याजाणाऱ्यास हसतमुखाने आपली कथा दोन वाक्यांत सांगावयाची. सान डिएगोचा मोठा मेळावा १९७० पासूनचा. छोट्या प्रकाशकांसाठी खास असा मेरिलँड राज्यातील मेळावा १९९४ पासूनचा. आणि मिळकत? वितरक छापील किमतीच्या साधारण चाळीस टक्के रक्कम देई. म्हणजे पावणेतीन डॉलरांवर किंमत छापलेल्या अंकामागे हाती सव्वा डॉलरही येत नसे. त्यातून छपाई, वाहतूक, नमुन्याच्या प्रती, टेबलाचे भाडे आणि प्रवास. उरेल ते चित्रकाराचे.

'बोन'ला आरंभी मागणी थोडीच होती. शिवाय कथा लांबलचक. दहावा अंक हाती घेणाऱ्याला पहिला कोठून मिळावा? तेव्हा जुने अंक पुनःपुन्हा छापून ठेवावयाचे, पुढे ते एकत्र बांधून पुस्तके करावयाची, हे धोरण ठरले. असे पहिले पुस्तक १९९३ साली निघाले. परंतु जुना माल सतत छापून ठेवणे म्हणजे पैसा कागदात अडकवून ठेवणे. कोणत्या महिन्यात छापखान्याचे देणे आणि कोणत्या महिन्यात वितरकाचे येणे, याचा मेळ घालणारे डोके निराळे लागते, आणि ते सहसा चित्रकाराच्या खांद्यावर नसते.

स्मिथ यांच्या घरी ते होते. त्यांच्या पत्नीचे नाव विजया अय्यर. (नाव वाचून आपणांस आपुलकी वाटली असेल, आम्हांसही वाटली.) विजयाबाईंनी आपली चांगली नोकरी सोडली आणि हिशेब, छापखाना, वितरक, करारमदार हा सर्व व्यवहार आपल्या हाती घेतला. पतीने रेखाटावे, पत्नीने कारभार पाहावा. आज 'बोन'चे नाव निघाले की लोक स्मिथ यांच्या कुंचल्याची वाखाणणी करतात, व ती योग्यच आहे. परंतु तो कुंचला तेरा वर्षे निश्चिंतपणे चालावा म्हणून दुसऱ्या मेजावर कोणी बसले होते, हे आम्हांस तितकेच महत्त्वाचे वाटते.

हे एकाच घरातले नाही. १९७८ साली 'एल्फक्वेस्ट' ही चित्रकथा सुरू करणाऱ्या वेंडी पिनी चित्रे काढीत, तर त्यांचे पती रिचर्ड प्रकाशनाची बाजू सांभाळीत. त्यांच्या प्रकाशनसंस्थेचे 'वार्प' हे नावही दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडूनच केले होते. १९९३ साली 'स्ट्रेंजर्स इन पॅरडाइज' सुरू करणारे टेरी मूर यांच्याकडेही तोच प्रकार. प्रकाशनाचा कारभार पत्नी रॉबिन यांच्याकडे. आम्हांस या सर्वांत आपल्याकडील कुंभाराचे घर दिसते. चाकावर एक जण बसतो, पण मडकी बाजारात नेणारे हात घरातले दुसरेच असतात, आणि ती विकण्याची त्या घरात कोणाला लाज वाटत नाही.

शेजारधर्माचाही एक भाग आहे. कॅनडातील किचनर गावचे डेव्ह सिम यांनी १९७७ पासून 'सेरेबस' नावाची चित्रकथा स्वतः छापली व २००४ साली तीनशेव्या अंकाने ती पुरी केली. १९८६ साली आपले एक जाड पुस्तक त्यांनी वितरकांना बाजूला ठेवून टपालाने थेट वाचकांना विकले. वितरक अर्थातच रागावले. सिम यांची कित्येक मते आम्हांस मुळीच पटत नाहीत. तथापि, आपल्या अंकातील पाने त्यांनी 'बोन'सारख्या नवख्या पुस्तकाची ओळख करून देण्यासाठी मोकळी केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या वाचकाला दुसऱ्याच्या दारी पाठविण्याइतके मोठे मन या धंद्यात, किंबहुना कोणत्याही धंद्यात, थोड्यांचेच असते.

सारे गोडच झाले असे मात्र नव्हे. १९८४ साली केविन ईस्टमन व पीटर लेअर्ड यांनी चुलत्याकडून उसने पैसे घेऊन कासवांची एक चित्रकथा छापली. तिला अफाट यश मिळाले, आणि मग तशीच काळी-पांढरी पुस्तके काढणाऱ्यांचा पूर आला. दुकानदारांनी हव्यासापायी ढीगच्या ढीग मागविले, माल परत करता येईना, आणि १९८७ च्या सुमारास बाजार कोसळून कित्येक लहान प्रकाशक व दुकाने बुडाली. पुढे १९९६ साली दोन मोठ्या वितरकांपैकी एक दुसऱ्याने विकत घेतला, तेव्हा सर्वांना एकच दार उरले. त्या धामधुमीत 'बोन'देखील १९९५ मध्ये काही काळ एका मोठ्या संस्थेच्या छत्राखाली गेले व पुन्हा स्वगृही आले. तेव्हा उरलेल्या त्या वितरकाने, डायमंडने, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुस्तक आपले असले तरी ते ज्या रस्त्याने जाते तो रस्ता आपला नसतो.

म्हणूनच वडिलांच्या प्रश्नाला आम्ही छातीठोक उत्तर देणार नाही. 'बोन'चे भले झाले. पंचावन्न अंकांचे तेराशेहून अधिक पानांचे एकच पुस्तक २००४ साली निघाले, आणि २००५ पासून 'स्कोलॅस्टिक' या मोठ्या प्रकाशनाने रंगीत आवृत्त्या काढून ते शाळाशाळांत पोहोचविले. इतके होऊनही स्मिथ यांनी आपली 'टूकी' ही पुढची कथा २०२१ साली वाचकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करून स्वतःच छापली. पण अशी घरे थोडी. क्लीव्हलंडचे हार्वी पीकर यांनी दुसरी वाट धरली. ते सरकारी इस्पितळात कागदपत्रे लावून ठेवणारे कारकून. त्यांना चित्रे काढता येत नसत. ते कथा लिहीत व चित्रकारांकडून चित्रे काढून घेत. १९७६ पासून वर्षाकाठी साधारण एक अंक त्यांनी पदरमोड करून काढला. पुस्तकाला १९८७ साली राष्ट्रीय पातळीचे पारितोषिक मिळाले, दूरचित्रवाणीवर बोलावणी आली, २००३ मध्ये चित्रपटही निघाला. परंतु नोकरी त्यांनी २००१ साली निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. पोट नोकरीने भरले, पुस्तक त्यांचे त्यांच्याकडे राहिले. ज्या बापाला मुलीच्या भाकरीची चिंता आहे त्याने पीकर यांचे नाव ध्यानात ठेवावे. शिकवण्या चालू राहू द्याव्यात.

राहिला कन्येचा प्रश्न. भीक मागणारा काही न देता मागतो. ही मुलगी तर बत्तीस पाने देऊन मागणार आहे. तरीही तिची जीभ अडखळत असेल तर ते आम्ही समजू शकतो. स्वतःच्या चित्रांविषयी स्वतः बोलणे बहुतेकांना जड जाते. म्हणून गृहस्थांना आमची विनंती आहे की, काही दिवस हे काम आपणच करावे. आपले आडनाव पंचक्रोशीत माहीत आहे, आपण बाजारच्या दिवशी शहरात जाता, असे आपणच पत्रात लिहिले आहे. जाताना दहा प्रती पिशवीत घ्याव्यात. शाळेसमोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानदाराला पाच द्याव्यात, आणि त्याला किती सूट दिली ते एका वहीत लिहून ठेवावे. उरलेल्या पाच हाती घेऊन शाळेच्या ग्रंथपालांना भेटावे.

पुस्तिका आम्ही दोनदा वाचली. विहिरीचा प्रसंग उत्तम साधला आहे. शेवटची चार पाने घाईने काढलेली वाटतात. मलपृष्ठावर छापखान्याचे नाव ठळक आहे, चित्रकर्तीचे बारीक, आणि किंमत तर छापलेलीच नाही. ती आज रात्री बापलेकींनी बसून ठरवावी व प्रत्येक प्रतीवर शाईने लिहावी. आमच्याकडे आलेल्या प्रतीचे पैसे किती पाठवावयाचे, तेही कळवावे.