विश्लेषण : वाघिणीला क्रमांक असतो, मग डेटाच्या जॉबला का नको?

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात कोळसा आणणाऱ्या प्रत्येक वाघिणीवर ११ अंकी क्रमांक रंगवलेला असतो. वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे, बांधणीचे वर्ष, तिचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटी आधीचे अंक बरोबर आहेत का हे पडताळणारा एक अंक. कोणती वाघीण कुठे मागे राहिली, हे त्यावरून कळते. हीच शिस्त संगणकातून धावणाऱ्या आकडेवारीला मात्र अनेक ठिकाणी लावलेली नसते.

गोंधळ कसा होतो?

विजेचा हिशेब दर १५ मिनिटांचा, म्हणजे दिवसाला ९६ ब्लॉक. कोणत्या ब्लॉकमध्ये किती वीज द्यायची याचे वेळापत्रक राज्य भार प्रेषण केंद्राकडून येते. दिवसभरात ते बदलते आणि प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक मिळतो. मीटरचे आकडे उचलायचे, तपासायचे, वेळापत्रकाशी ताडायचे आणि फरक काढायचा, अशी एकामागून एक चालणारी कामे म्हणजे डेटा पाइपलाइन.

समजा, रात्री दोनला तिसरा जॉब बंद पडला. कुणीतरी तो हाताने पुन्हा चालवला. पण तोवर वेळापत्रकाची नवी आवृत्ती आलेली होती. सकाळी अहवाल दोन आणि दोन्हींवर 'फायनल'! एकलहरे येथील २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर एका ब्लॉकमध्ये ५२,५०० युनिट वीज होते. ठरल्यापेक्षा कमी-जास्त वीज दिली तर त्याचे पैसे मोजावे लागतात. मग खरा अहवाल कोणता? उत्तर मिळत नाही तेव्हा बोट रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे जाते.

लेबलवर काय हवे?

केंद्र, संच, डेटा कोणत्या दिवसाचा, वेळापत्रकाची आवृत्ती आणि फेरीचा क्रमांक. हा क्रमांक पहिल्या जॉबपासून अहवालापर्यंत तोच राहिला पाहिजे. बंद पडलेला जॉब पुन्हा चालवला तर फक्त प्रयत्नाचा आकडा वाढवावा. नवी आवृत्ती घेतली असेल तर ती नवी फेरी. 'एअरफ्लो'मध्ये प्रत्येक फेरीला आयडी मिळतो आणि ती आपोआप चालली की हाताने, हेही दिसते. गुगलच्या 'बिगक्वेरी'त एका जॉबला ६४ लेबले लावता येतात. लावता येतात म्हणून लावू नयेत, पाच-सहा पुरेत.

खरी अडचण शब्दांची आहे. एकाने 'एकलहरे' लिहिले, दुसऱ्याने 'एकलहरा', तिसऱ्याने 'नाशिक औष्णिक', की शोधताना निम्म्या फेऱ्या हाती लागत नाहीत. त्यामुळे नावे टाइप करू देऊ नयेत, ठरलेल्या यादीतून निवडायला लावावीत. कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर लेबलात अजिबात नको. लेबले लॉगमध्ये आणि क्लाउडच्या बिलातही दिसतात.

लेबल नसेल तर जॉब सुरूच होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 'घाईत लेबल कोण लावत बसणार?' असे विचारले जाते. पण घाईत हाताने चालवलेल्या फेऱ्यांचाच माग नंतर काढावा लागतो. अशा फेऱ्यांसाठी कारणाचा रकाना सक्तीचा ठेवावा, आणि त्यात 'इतर' हा पर्याय देऊ नये.