‘काढून टाका’ म्हणण्याआधी

आमच्या घरात दाढ दुखली की दोनच उपाय ठरलेले असत. आधी लवंग, आणि लवंगेने भागले नाही तर ‘काढून टाका’. अम्मीच्या दाढा अशाच एकेक करून गेल्या. पन्नाशीत तिला कवळी आली. आजही सालनात बुडवल्याशिवाय तिला भाकरी खाता येत नाही. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी खालची दाढ ठणकू लागली, तेव्हा मीही त्याच वाटेने निघाले होते. वर्गात धडा वाचताना हात सारखा गालावर जाई. चार दिवसांनी ठणका आपोआप थांबला आणि मला वाटले, सुटले एकदाची. दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला आणि सांगितले, "आतली नस मेली म्हणून दुखणे थांबले. दाढ बरी झालेली नाही, संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत गेला आहे. पण ती वाचू शकते." रूट कॅनल आणि वरची टोपी मिळून नऊ हजार रुपये. काढायचे आठशे.

घरी हिशेब झाला. मुलाच्या क्लासची फी भरायची होती. शौहर अगदी आपुलकीनेच म्हणाले, "काढून टाक ना, मागची दाढ कोणाला दिसते?" मी हो म्हणणारच होते. मग आठवले, दोन वर्षांपूर्वी त्यांची दाढ दुखली तेव्हा हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. सरळ टोपी बसवून आणली होती.

मला वाटते, आठशे आणि नऊ हजार ही तुलनाच फसवी आहे. दाढ काढल्यावर खर्च संपत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलू लागते, समोरची दाढ त्या जागेत उतरते, तिथले हाड हळूहळू झिजते. माणूस एकाच बाजूने चावू लागतो. पुढे ब्रिज बसवायचा तर बहुतेक वेळा शेजारच्या चांगल्या दाढा घासाव्या लागतात. इम्प्लांटचा खर्च तर रूट कॅनलहून जास्तच.

याचा अर्थ प्रत्येक दाढ वाचवलीच पाहिजे, असे नाही. मुळापर्यंत चिरलेली, हाडाचा आधार सुटून हलू लागलेली, हिरडीच्या वर टोपी धरण्याइतकीही न उरलेली दाढ काढणेच बरे. आडवी वाढून पुन्हा पुन्हा सुजणाऱ्या अक्कलदाढेचेही तेच. तिथे पैसे घालणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. तसेच रूट कॅनल करून टोपी न बसवता सोडलेली दाढ पुढे चावताना फुटण्याची भीती असते. टोपीचे पैसे जमणार नसतील तर ते सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे. त्यात लाज कसली?

म्हणून खुर्चीत बसण्याआधी चार प्रश्न विचारावेत. टोपी धरेल एवढी दाढ शिल्लक आहे का? मूळ आणि हाड शाबूत आहे का? टोपीसकट एकूण खर्च किती? काढली तर त्या जागी काय करायचे? उत्तराने समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो.

आपल्याकडे आणखी एक शंका असते. मोहल्ल्यातल्या एका खालांनी केवळ याच भीतीने टोपी टाळली, की तिच्याखाली पाणी जाणार नाही, मग गुस्ल कसा होणार? इलाज म्हणून कायमची बसवलेली टोपी गुस्लच्या आड येत नाही, असे अनेक उलेमांनी स्पष्ट केले आहे. काढता येणारी कवळी मात्र गुस्लच्या वेळी काढावी. मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. पण न विचारताच दाढ गमावू नये.

शाळेत मी एक गोष्ट नेहमी पाहते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आया तिलाही दुधाचीच समजतात. किडली तर म्हणतात, "पडणारच आहे, टीचर." ती पडून तिच्या जागी दुसरी येत नाही. सहाव्या वर्षी आलेली ही दाढ साठीतही लागणार असते.

मी माझी दाढ ठेवली. काही पैसे भिशीचे होते, उरलेले दोन महिन्यांत दिले. ती जन्मभर टिकेल अशी हमी डॉक्टरांनी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही.

अम्मीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले काढतो, तुझे अब्बा म्हणाले काढा. मला कोणी विचारलंच नाही, बेटा."

दाढ वाचवायची की काढायची, हे तिची अवस्था पाहून ठरावे. पण जिच्या तोंडातली दाढ आहे, तिला विचारून ठरावे.