कूतच्या वेढ्यांतील मराठा पलटणी

पलटणीच्या शौर्याचे पोवाडे आपण ऐकतों; तिच्या पोटाचें काय झालें हें कोणी सांगत नाहीं. पहिल्या महायुद्धांतील ती हकीकत आज मांडतों.

सन १९१५ मध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या हाताखालीं इराकांत तैग्रीस नदीच्या कांठानें बगदादकडे चालून गेल्या. नोव्हेंबरांत टेसिफॉन येथें तुर्कांशीं घनघोर लढाई झाली. माघार घेऊन फौज कूत गांवीं आली व ७ डिसेंबरपासून तिला वेढा पडला. धान्य आटलें, तेव्हां घोडीं व खेंचरें मारून मांस वांटण्यांत आलें. गोऱ्यांनीं तें खाल्लें. पुष्कळ हिंदी शिपायांनीं नाकारलें. गोळ्यांपुढें छाती काढणारे हे वीर कशाला भ्याले? गांवीं परतल्यावर लोक वाळींत टाकतील, आपल्या मुली कोणी पत्करणार नाहीं, या विचाराला! हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशानें मागवावी लागली. ती आल्यावरही बरेच दिवस शिपाई कचरतच होते. मूठभर पिठावर हाडांचे सांपळे झाले, हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० लोक शरण गेले. पुढें कैदेंत हजारों मेले.

देव व माणूस यांमध्यें दलाल नको, असें सांगून जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, त्याला तेव्हां ४२ वर्षें झालीं होतीं. तरीही उपाशी शिपायाच्या घासावर हुकूम चालला तो घरीं जेवून बसलेल्यांचा! दोष एकट्या भिक्षुकाचा म्हणूं नका. वाळींत टाकणारे हात आपलेच होते.

ती भीति आज गेली काय? आमच्या चोपडे तालुक्यांत कापूस बुडाला तरी लग्नाचा मांडव थोरच पडतो. कां, तर लोक काय म्हणतील! सामाजिक बहिष्काराला बंदी करणारा कायदा महाराष्ट्रांत २०१७ सालीं अंमलांत आला, हें चांगलें झालें. पण मनांतली भीति कायद्यानें निघत नाहीं. ती आपणच एकमेकांस घातली, आपणच काढली पाहिजे. अडचणींत शेजाऱ्यानें रूढि मोडली, तर दुसरे दिवशीं त्याच्या घरीं भाकर खावयास पहिल्यानें आपण जावें. कूतच्या शिपायांना एवढीच खात्री हवी होती.

— एक शाळामास्तर, ता. चोपडा