जर्मन वाइन, साखरेचं माप आणि तासगावचे मामा

सुट्टीवर घरी आलो की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला पगाराचा. दुसरा, जरा आवाज खाली आणून, "तिकडे वाइन म्हणे पाण्यासारखी पितात?"

पाण्यासारखी नाही पीत. पण मी राहतो त्या श्टुटगार्ट शहराच्या हद्दीत द्राक्षमळे आहेत आणि नगरपालिकेची स्वतःची वाइनरी आहे, हे खरं. (पुणे मनपाने असं काही काढलं तर दुसऱ्या दिवशीचे मथळे डोळ्यांसमोर आणा.) उंटरट्युर्कहाइमला खाली मर्सिडीजचा कारखाना, आणि वर टेकडीवर द्राक्षं. वाइन म्हटलं की आपल्याला आठवतो फ्रान्स, म्हणजे बोर्डो, बर्गंडी, शॅम्पेन. जर्मनी म्हणजे बीअर. इथे आलो तेव्हा माझीही समजूत तीच होती.

जर्मनीत वाइनचे १३ प्रदेश आहेत आणि द्राक्षाखाली सुमारे एक लाख हेक्टर जमीन. सगळे प्रदेश सांगत बसत नाही. ऱ्हाइनहेसन सगळ्यात मोठा, बाडेन दक्षिणेचा उबदार, फ्रांकेनमध्ये सिल्वानर नावाचं द्राक्ष आणि चपटी गोल बाटली. आमच्या व्युर्टेंबर्गात ट्रोलिंगर नावाची फिकट लाल वाइन होते, ती बहुतेक इथले लोकच पिऊन संपवतात. बाहेरच्यांना देण्याइतकी ती चांगली नाही असं बाहेरचे म्हणतात, बाहेरच्यांना द्यायची नाही म्हणून असं इथले म्हणतात. लाल रंगात मान मोठा श्पेटबुर्गुंडरला, म्हणजेच फ्रेंचांच्या पिनो न्वारला.

पण राजा एकच, रीसलिंग. देशातल्या द्राक्षांपैकी साधारण चौथा हिस्सा हिचा. हिची सर्वात जुनी लेखी नोंद १४३५ सालची, ऱ्युसेल्सहाइम गावच्या एका हिशेबाच्या कागदात. पुढे त्याच गावात ओपेलचा मोटार कारखाना झाला, म्हणून आम्हा यंत्रवाल्यांना ती नोंद उगाचच जवळची वाटते. रीसलिंग पांढरी, आंबटसर, आणि ज्या मातीत वाढते त्या मातीची चव बाळगणारी. हे शेवटचं वाक्य मी पूर्वी वाइनवाल्यांची बडबड समजत असे. माझं मत बदललं ते तासगावच्या मामांमुळे.

मामा माळकरी, पण द्राक्षात मुरलेले. बाग पाच एकर, माल बेदाण्याला जातो. २०१८च्या सप्टेंबरअखेर ते आमच्याकडे आले, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत जायचं या अटीवर. चार तास गाडी चालवून मी त्यांना मोझेल नदीकाठी ब्रेम गावाला नेलं. तिथला काल्मोंट हा डोंगर सुमारे ६५ अंशांचा, युरोपातल्या सर्वात उभ्या द्राक्षमळ्यांपैकी एक. मामा खाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले.

"आरं, हितनं पाय घसरला तर थेट नदीत की रं!"

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. मांडव कुठाय? मांडव नाही, मोझेलच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक वेलाला एक खुंट आणि दोन फांद्या वाकवून बांधलेल्या, बदामाच्या आकारात. छाटणी किती? एकच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. डावणी येते का? येते, आणि अशा उभ्या उतारावर औषध हेलिकॉप्टरने मारतात. यावर मामा पहिल्यांदा हसले. एवढी यातायात कशासाठी, तर पाटीचा काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ऊब देतो, आणि खाली नदी असते. इतक्या उत्तरेला रीसलिंग पिकायची तर अशीच जागा लागायची.

एका मळेवाल्या बाईंच्या अंगणात बसलो. इथे शेतकऱ्याला वर्षातले चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, स्वतःची वाइन घरीच विकता येते, हॉटेलचा परवाना न काढता. मामांना त्यांनी द्राक्षाचा रस दिला, मला वाइन. मामांनी विचारलं, "साखर किती धरल्यावर काढता?" बाईंनी एक्स्लेमध्ये आकडा सांगितला. मी मनात चारने भागून मामांना ब्रिक्समध्ये सांगितला. मामा खूश. दोघांची भाषा जुळली.

एक्स्ले हे फर्डिनांड एक्स्ले या फोर्झहाइमच्या कारागिराचं नाव. लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षा किती ग्रॅम जड, एवढंच ते माप. साधं आणि सुंदर. मी मापाच्याच धंद्यातला, मला ते फार आवडलं होतं. आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

१९७१च्या कायद्याने वाइनची प्रत तोडणीच्या वेळच्या साखरेवरून ठरवली. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे अशा चढत्या पायऱ्या. उभ्या डोंगरावरची असो की बटाट्याच्या सपाट रानातली, आकडा भरला की मान सारखाच. मग साखर लवकर धरणाऱ्या नव्या जाती आल्या, सपाटीवर लागवड वाढली. त्याच कायद्याने मळ्यांची सुमारे ३० हजार नावं २,६०० च्या आसपास आणली आणि मोठमोठे पट्टे करून त्यांना नामांकित गावांची नावं लावायला परवानगी दिली. पीस्पोर्टर गोल्डट्र्योप्फशेन म्हणजे पीस्पोर्ट गावचा खराखुरा नामवंत उतार. पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग म्हणजे आसपासच्या अनेक गावांचा मिळून केलेला पट्टा. बाटलीवर गाव तेच, फरक गिऱ्हाइकाला कसा कळणार? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी वाइन लंडनमध्ये बोर्डोच्या बरोबरीने विकली जाई, ती 'स्वस्त गोड जर्मन पाणी' म्हणून बदनाम झाली. शिक्षा उभ्या डोंगरावरच्या माणसाला झाली.

(मोझेलच्या शेतकऱ्याची परवड जुनीच. १८४३ साली त्यांच्या हलाखीवर वर्तमानपत्रात लेख लिहिणारा ट्रियरचा एक तरुण संपादक पुढे बराच गाजला. कार्ल मार्क्स त्याचं नाव.)

जर्मनांनी चूक मान्य करायला पन्नास वर्षं लावली. २०२१च्या दुरुस्तीने कायद्याची दिशा वळली: गाव आणि मळा जितका नेमका, तितका दर्जा वरचा. दरम्यान हवामान असं तापलं की पिकण्याची अडचण उरली नाही. उणे सात अंशांना वेलीवर गोठलेल्या द्राक्षांची आइसवाइन २०१९च्या हंगामात जवळजवळ झालीच नाही. साखरेचा आकडा आता कुणालाही गाठता येतो, म्हणून त्याला किंमत नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय जाहीर केला आणि गदारोळ उठला. एक बाजू म्हणाली वाइन म्हणजे दारू नव्हे, दुसरी म्हणाली संस्कृती बुडाली. माझं स्पष्ट मत, वाइन ही दारूच आहे. बारा टक्के अल्कोहोल आहे, यकृताला द्राक्ष आणि मोह यातला फरक कळत नाही. पण ती शेतमालही आहे, आणि शेतकऱ्याच्या नावाने झालेल्या त्या भांडणात शेतकऱ्याचं नाव बाटलीवर येणार का, हे मी कुणाला विचारताना ऐकलं नाही. नाशिकला भौगोलिक मानांकन आहे, 'दिंडोरी' लिहिलेली बाटली मी स्वतः पाहिली आहे, म्हणजे सुरुवात आहे. पण एकंदरीत आपणही साखरच मोजतो. उसाचा दर रिकव्हरीवर, द्राक्षाचा ब्रिक्सवर आणि मण्याच्या आकारावर, बेदाण्याचा रंगावर. सावळजच्या माळरानावरचा बेदाणा आणि नदीकाठचा बेदाणा यांच्या चवीत फरक आहे हे मामा छातीठोकपणे सांगतात. सौद्यात तो फरक कुठल्या रकान्यात लिहायचा?

मामांनी त्या दिवशी रसाची रिकामी बाटली मागून घेतली. श्टुटगार्टला आल्यावर रात्री बेसिनमध्ये भिजत घालून तिचं लेबल अलगद सोडवलं आणि वहीत घालून वाळवलं. त्यावर डोंगराचं नाव होतं, गावाचं होतं आणि बाईंच्या सासऱ्यांचं होतं.

पुढच्या हंगामात फोनवर विचारलं, लेबल कुणाला दाखवलंत का? म्हणाले, "अडत्याला दाखवलं की. त्यो म्हणाला, चित्र झ्याक हाय, पण माल हिरवा हाय का पिवळा त्ये सांगा."