सुवालीची भरती आणि पतंगाचा वारा

मकरसंक्रांतीस सुरतेच्या गच्च्यांवर जो उत्साह उसळतो तो पाहता, पतंग आणि वारा यांविषयी या शहराला कोणी काही शिकवावे असे वाटत नाही. सुरती मांजाची ख्याती तर गुजराथबाहेरही पोहोचली आहे. तेव्हा मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून धावण्याचा काइटसर्फिंग हा खेळ सुवाली किंवा डुमसच्या किनाऱ्यावर का सुरू होऊ नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या आणि गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तो शिकविलाही जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर उत्साहाने नव्हे, समुद्राच्या स्वभावाने द्यावयाचे आहे.

या खेळासाठी नावाजलेल्या ठिकाणांत ग्रीसच्या लिम्नोस बेटावरील केरोसचा उपसागर आहे. तेथे उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी उथळ असते. शिकाऊ माणूस पडला तरी त्याचे पाय वाळूला टेकतात. तो उथळपणा विश्वासार्ह आहे, कारण त्या समुद्रात भरती-ओहोटीतील फरक सामान्यतः हातभरही नसतो. सकाळी जेथे कमरेइतके पाणी, तेथे सायंकाळीही जवळजवळ तेवढेच.

खंबायतच्या आखाताची गोष्ट अगदी निराळी आहे. आखाताचे तोंड रुंद आणि आतला भाग निमुळता, त्यामुळे आत शिरणारे पाणी कोंडून उंच चढते. भावनगरकडे उधाणाच्या वेळी हा फरक दहा मीटरांवर जातो. हजिऱ्याजवळही तो पाच मीटरांहून अधिक असतो. ओहोटीला उघडी पडलेली सपाट जमीन भरती येताच झपाट्याने पाण्याखाली जाते. ग्रीसमध्ये उथळपणा हा आधार आहे. येथे तो सापळा आहे. वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा गच्चीवरच्या पतंगाला चालतो. पण दहा-बारा चौरस मीटरांच्या पतंगाला बांधलेल्या माणसाला तोच वारा किनाऱ्यापासून दूर नेतो.

जुन्या दर्यावर्दींना हे ठाऊक होते. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे सुवालीच्या आडोशाला, दांडा आणि किनारा यांमधल्या खोल पाण्यात नांगर टाकीत. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली तीही याच पाण्यात. व्यापार आणि युद्ध दोन्ही करणाऱ्यांनी आधी खोली मोजली; विहार करणाऱ्यांनी ती मोजू नये काय?

हा प्रश्न आमच्या मराठी वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. कापडाच्या धंद्यात पोट भरण्यासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे सुरतेत राहतात. सुटीच्या दिवशी त्यांची मुले समुद्रावर जातात. मात्र खानदेशच्या मातीत भरती-ओहोटीचे बाळकडू मिळत नाही. कोकणातून आलेल्यांनीही सावध असावे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा त्यांचा घरगुती हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे. आखातात आत येईपर्यंत भरतीला उशीर होतो, आणि तो हिशेब येथे चुकतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नव्या खेळाला विरोध नको, पण क्रम उलटाही नको. आधी किनाऱ्यावर त्या त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा गुजराती, मराठी आणि हिंदीत ठळक लिहाव्यात. धोक्याच्या वेळी लाल निशाण लागावे. पगारी व प्रशिक्षित जीवरक्षक दिवसभर हजर असावेत. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या प्रहरी पतंग उडवावा, हे जाणकारांनी पाण्याची पाहणी करून व स्थानिक मच्छीमारांना विचारून ठरवावे. त्यानंतर खुशाल फळी पाण्यात उतरवावी. हा खर्च आधी करावा लागतो म्हणूनच तो टाळला जातो. आणि टाळलेल्या खर्चाची भरपाई एखाद्या घराला आपल्या मुलाच्या प्राणांनी करावी लागते.

ढील केव्हा द्यावी आणि दोर केव्हा खेचावा, हे सुरतेला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तेच तारतम्य आता समुद्रकिनारी दिसावे.