किल्ली बरोबर, तरी कुलूप उघडेना

मागच्या पंधरवड्यात आमच्या आळीतल्या एका घरी सकाळीच गलका ऐकू आला. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायचा होता, मुदतीला दोन दिवस उरले होते आणि घरच्या संगणकावर खातेच उघडत नव्हते. बाप म्हणे, पोराने पासवर्ड बदलला. पोरगा म्हणे, बाबांनीच काहीतरी दाबले. हा तंटा दर दोन-चार दिवसांनी व्हायचा. शेवटी तालुक्याला जाऊन एका अर्ज भरून देणाऱ्याच्या हवाली सगळे करायचे ठरत होते. तो पासवर्डही मागत होता आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही.

मी जाऊन पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती २०१५ सालची! दोष ना बापाचा, ना लेकाचा. दोष होता रुपयाएवढ्या एका सेलचा.

वाचकहो, असे तंटे आता अनेक घरांत होतात. म्हणून आज हा विषय घेतला आहे. पिकावर रोग दिसला की आपण आधी पान उलटून पाहतो, मग औषध ठरवतो. इथेही तसेच करावे. खाते उघडले नाही की तोच पासवर्ड दहा वेळा ठोकू नये. फार वेळा चुकला तर खाते काही काळ बंद होते आणि एका दुखण्याची दोन होतात. आधी पडद्यावर काय लिहून आले आहे ते नीट वाचावे.

पहिली खूण : 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो आणि पान उघडतच नाही. अशा वेळी सर्वांत आधी तारीख, वेळ आणि साल पाहा. प्रत्येक संकेतस्थळाला ओळखपत्र असते आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. संगणकाला वाटते साल २०१५. मग आजचे ओळखपत्र त्याला खोटे वाटते. वीज नसताना संगणकाचे घड्याळ एका लहान सेलवर चालते. तो काही वर्षांनी संपतो. मग वीज गेली किंवा भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ मागे जाते. म्हणूनच हे दुखणे रोज नसते, वीज गेल्यावर उपटते. तारीख हाताने दुरुस्त केली की काम तेवढ्यापुरते चालते. कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत 'सीआर २०३२' नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. बदलताना वायर भिंतीतून काढावी, जुना सेल कसा बसला आहे ते पाहून नवा तसाच बसवावा आणि मग तारीख-वेळ लावावी. हात बसलेला नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे. आणि मायबहिणींनो, जुना सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका भाजते. क्षणही न दवडता दवाखाना गाठावा लागतो.

दुसरी खूण : 'पासवर्ड चुकीचा आहे.' यात तीन गोष्टी तपासा. मोठ्या अक्षरांचे बटण, म्हणजे कॅप्स लॉक, चालू राहिले आहे का? कळफलक मराठीवर तर नाही ना? पासवर्ड टिंबांच्या आड लपलेला असल्याने हे कळत नाही. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली की अक्षरे दिसतात. तिसरी गोष्ट घरोघरची आहे. मुलाने मोबाइलवर पासवर्ड बदललेला असतो, पण संगणकाने जुनाच जपून ठेवलेला असतो. पान उघडले की तो आपणहून जुना भरतो. जपलेल्या पासवर्डांच्या यादीतून तो काढून टाका आणि नवा एकदा हाताने लिहा. घरात पासवर्ड कोणी बदलला तर संध्याकाळी जेवताना सगळ्यांना सांगण्याचा रिवाज ठेवा.

तिसरी खूण : खाते उघडते, पण रोज नव्याने ओळख विचारते. बाजार समितीच्या फाटकावर पावती दाखवली की आत सोडतात, तशी एक चिठ्ठी संकेतस्थळ आपल्या संगणकात ठेवते. तिला कुकी म्हणतात. ब्राउझर बंद करताना सगळे पुसून टाकण्याची सोय कोणी चालू केली असेल, तर ती चिठ्ठी रोज फाटते. ती सोय बंद करावी. मात्र बँकेचे आणि काही सरकारी खाते थोड्या वेळाने आपणहून बंद होते. तो बिघाड नव्हे, ती राखण आहे.

चौथी खूण : ओटीपी येतच नाही. बऱ्याचदा खात्याला जोडलेला क्रमांक जुना असतो. ते सिमकार्ड केव्हाच बंद पडलेले असते. बँकेत जाऊन, आणि आधारसाठी आधार केंद्रावर जाऊन, चालू क्रमांक लावून घ्यावा. हे काम हंगामाआधी उरकावे. मुदतीच्या आदल्या दिवशी ते होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. अडला माणूस कोणाचेही पाय धरतो, आणि लबाड त्याचीच वाट पाहत असतो. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या कोणत्याही मदत क्रमांकावर विश्वास ठेवू नका. फोनवरचा माणूस एखादे ॲप घ्यायला सांगून तुमचा पडदा आपल्या ताब्यात मागू लागला, तर फोन ठेवा. पासवर्ड ही कोठाराची किल्ली. ती वाटसरूला देत नाहीत. अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावाच लागला, तर शेजारी बसून पासवर्ड स्वतः टाका आणि घरी आल्यावर बदला. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आमच्या आळीतल्या त्या घरी तारीख दुरुस्त करताच खाते उघडले आणि अर्ज त्याच दुपारी गेला. नवा सेल मुलाने आठवड्याच्या बाजारच्या दिवशी आणून बसवला. बापाने पोराची माफी काही मागितली नाही, पण पासवर्ड आता दोघांच्या वहीत लिहिलेला आहे आणि ती वही आईच्या कपाटात कुलूपबंद आहे.

तुमच्याही घरच्या यंत्राचे काही दुखणे असेल, तर अवश्य लिहा. मात्र पत्रात पासवर्ड लिहू नका!